नुसतं रेकॉर्डसाठी

"दांडा न घेताच निघालात?" बायकोने विचारलं आणि दांडेवाले दारातच थबकले.

"दांडा ऑफिसचा होता. परत केला की. आता नुसता कॅमेरा."

"मग मोकळ्या हाताचं काय करणार? मागच्या रविवारी रस्ताभर लोंबकळत होता नुसता."

दांडेवाल्यांनी मोकळा हात खिशात घातला. रस्ते खात्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. रस्त्याच्या कडेचं जे काही पाडायचं ठरेल, दुकान, शेड, कुंपण, पाण्याची टाकी, त्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दोन मीटरचा दांडा टेकवायचा, म्हणजे उंची समजते, आणि चार पावलं मागे येऊन फोटो काढायचा. फोटो पाकिटात, पाकीट फाइलमध्ये, फाइल साहेबांच्या टेबलावर. मग महिन्याभरात यंत्र यायचं आणि त्या जागी सपाट माती उरायची. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच राहिलं होतं. तोंडावर लोक त्यांना दांडेवाले साहेब म्हणत. पाठीमागे जे म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तीस वर्षांत एक हजार चारशे बारा जागा झाल्या. त्यांतली एकही आज उभी नव्हती. आपण आयुष्यात ज्या ज्या गोष्टीकडे नीट निरखून पाहिलं ती ती गेली, हा हिशोब दांडेवाल्यांनी निवृत्तीच्या दिवशी केला आणि तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की आता राहणाऱ्या जागांचे फोटो काढायचे. लहान गावांतल्या, रस्त्याकडेच्या, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही अशा. बंद पडलेला वजनकाटा, झाकण निखळलेली टपालपेटी, कुणीच बसत नाही असा बाक. बायको म्हणाली, लोक निवृत्त झाल्यावर समुद्र बघायला जातात. पण घरात बसून छताकडे बघण्यापेक्षा हे बरं, म्हणून तिने हरकत घेतली नाही.

"दादांच्या गावाला चाललात ना?" तिने हळूच विचारलं.

"बघू," दांडेवाले म्हणाले, म्हणजे हो.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांचं शहराच्या चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चौदा वर्षांपूर्वी चौक मोठा करायचं ठरलं आणि यादीत ते दुकान आलं. मालकाला आधी कळू द्यायचं नाही, असा खात्याचा नियम. कळलं की माणसं गर्दी करतात, रडतात, यंत्रापुढे आडवी होतात. म्हणून कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलेलं होतं: "काही नाही, नुसतं रेकॉर्डसाठी." हे वाक्य दांडेवाले एक हजार चारशे बारा वेळा बोलले आणि त्यांतल्या एका वेळी ते सख्ख्या भावाला बोलले. वर त्याच्याकडचा चहा पिऊन आले. तेविसाव्या दिवशी दुकान गेलं. दादांनी या आडगावात रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि तेव्हापासून ते धाकट्याशी एक शब्द बोलले नाहीत. वहिनी गेल्या त्या दिवशीही नाही. दांडेवाले तेव्हा चार तास दाराबाहेर उभे होते आणि दादांनी त्यांना बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

आता त्यांच्या मनात असं होतं, की दादांच्या या दुकानाचा एक झकास फोटो काढावा, मोठा करावा, चौकटीत बसवावा आणि नेऊन हातात द्यावा. पाडण्यासाठी नाही, भिंतीवर लावण्यासाठी काढलेला फोटो. दादा बघतील आणि कदाचित काहीतरी बोलतील. शिवी दिली तरी चालणार होतं.

गाव म्हणजे एक रस्ता आणि त्या रस्त्याला कंटाळा येऊन घेतलेलं एक वळण. वळणापाशी ओळीने पहिलं सलून, मग शिलाईचं दुकान, मग किल्लीवाल्याची लाकडी टपरी, मग बसथांब्याची शेड आणि अगदी शेवटी दादांचं दुकान. दादा रस्त्याकडे पाठ करून चाकाच्या तारा आवळत बसले होते. ती पाठ बघून दांडेवाल्यांनी पावलं मागे वळवली. आधी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी, जरा हात बसेल, असं म्हणून ते सलूनसमोर उभे राहिले.

सलून खरंच सुंदर होतं. उन्हाने अर्धा निळा अर्धा पांढरा झालेला पत्रा, एक हात तुटलेली खुर्ची, आणि आतल्या आरशात अख्खा रस्ता उलटा चाललेला. दांडेवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सलूनवाला वस्तरा घेऊन दारात आला.

"काय हो, फोटो कशाला?"

आपलं दुकान फार छान दिसतंय, असंच दांडेवाले म्हणणार होते. शब्द अगदी ओठांवर होते. पण जीभ तीस वर्षं सरकारी नोकरीत घासलेली. डोळ्याला कॅमेरा, समोर मालक आणि मालकाचा नेहमीचा प्रश्न. जिभेने स्वतःच्या मालकाला विचारलंच नाही, परस्पर उत्तर देऊन टाकलं.

"काही नाही, नुसतं रेकॉर्डसाठी."

आत खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस घेऊन ताडकन उठलं. तो लाकडाच्या वखारीचा मालक होता, म्हणजे वखार होती तोवर.

"अरे, हाच तो! दांडेवाला! माझी वखार गिळली यानं! तेव्हाही हेच म्हणाला होता, याच तोंडानं!"

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा खाली आला. "पण यांच्याकडे दांडा कुठाय?"

"दांडा नाही," दांडेवाले घाईघाईने म्हणाले. "मी रिटायर झालो. खरंच. हौस म्हणून काढतोय."

"म्हणजे आता दांड्याशिवायच पाडतात?" सलूनवाला म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला.

दांडेवाल्यांनी जीव तोडून समजावलं, पण ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: सरकारी माणूस हौसेने सलूनचा फोटो कशाला काढेल? गेल्या वीस वर्षांत त्या सलूनला कोणी छान म्हटलेलं नव्हतं. कडेच्या दुकानातून शिलाईवाल्या मावशी आल्या, टपरीतून किल्लीवाला आला. वखारवाल्याने सगळ्यांना जमवून स्वतःचा अनुभव सांगितला. ज्यांचे फोटो झाले होते त्यांना निदान पाडायच्या आदल्या दिवशी नोटीस तरी मिळाली. ज्यांचे राहून गेले त्यांना तेवढीही मिळाली नाही.

हे ऐकल्यावर मावशींनी दांडेवाल्यांचा दंड धरला. "मग माझाही काढा. सोडू नका मला."

"मावशी, तुमचं दुकान कुठं जात नाहीये हो."

"सलूनचा काढला ना? मग मी काय घोडं मारलंय? आमचाही काढा."

"आणि माझी टपरी," किल्लीवाला म्हणाला. "कुलपासकट काढा. कुलूप नवं आहे."

दांडेवाल्यांनी मावशींचं दुकान काढलं, टपरी काढली, कुलूप काढलं. बसथांब्याच्या शेडला मालक नव्हता, म्हणून तिच्या वतीने सगळ्यांनी आग्रह केला, तिचाही काढला. राहिलं दादांचं दुकान. दांडेवाले तिकडे वळले तेव्हा दादांनी चाक खाली ठेवलं, उठले, आतून फळी ओढून घेतली आणि दार लावलं. आत तारा आवळल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. दांडेवाले परतीच्या बसची वाट बघत शेडमध्ये एकटेच बसले. त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं.

पुढच्या रविवारी ते सलूनच्या फोटोची चौकट काखेत धरून पुन्हा गेले. म्हटलं, हातात फोटो दिला की लोकांचा विश्वास बसेल; पाडणारा माणूस कधी चौकट करून देतो का? बस गावात शिरली आणि गावाबाहेरही गेली.

"अहो, थांबा, थांबा! मागे राहिलं गाव!"

"शेड दिसली की मी थांबतो," ड्रायव्हर म्हणाला. "शेडच दिसली नाही."

दांडेवाले अर्धा मैल मागे चालत आले. शेड नव्हतीच. चार खड्डे होते. मावशींचं दुकान नव्हतं, टपरी नव्हती. जिथे सलून होतं तिथे भर उन्हात एक हात तुटलेली खुर्ची होती, विजेच्या खांबाला आरसा बांधला होता आणि सलूनवाला एकाची दाढी करत होता.

"या साहेब," तो कडू तोंडाने म्हणाला. "तुमचे कष्ट वाचवले. आम्हीच पाडलं."

"का? का पाडलंत?"

"वखारवाल्यांनी सांगितलं ना. यंत्र आलं की पत्रा चेपतो, दारं मोडतात, काही हाताला लागत नाही. आधीच उतरवला तर पत्रा तरी शाबूत. घरी नेऊन ठेवलाय."

मावशींनी मशीन घरी नेलं होतं आणि ते दारातून आत जाईना म्हणून अंगणात झाकून ठेवलं होतं. किल्लीवाल्याने टपरीच्या फळ्यांचं कोंबड्यांसाठी खुराडं केलं होतं. शेडचं काय, तर ती नाहीतरी जाणारच होती, म्हणून कुणी पत्रे नेले, कुणी बाक नेला, कुणी खांब. आता सगळं गाव बससाठी उन्हात उभं राहत होतं आणि बस थांबत नव्हती, आणि या सगळ्याला जबाबदार कोण, याबद्दल गावात दुमत नव्हतं. फक्त टोकाचं दादांचं दुकान जसंच्या तसं उभं होतं.

दांडेवाल्यांनी चौकट पुढे केली. सलूनवाल्याने फोटो बघितला. निळा-पांढरा पत्रा, खुर्ची, आरशातला रस्ता.

"छान होतं हो माझं दुकान," तो म्हणाला. त्याने चौकट आरशाखाली खांबाला बांधली. जुन्या गिऱ्हाइकांना जागा ओळखू यावी म्हणून.

दांडेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी उद्या ऑफिसात जातो," ते म्हणाले. "इथं काही पाडायचं नाही असं सहीशिक्क्यानिशी लिहून आणतो. मग तरी बांधाल ना परत?"

"आणा," सलूनवाला म्हणाला. "तोवर जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

सोमवारी ते रस्ते खात्यात हजर झाले. त्यांच्या वेळचे साहेब बदलून नवे तरुण साहेब आले होते. फार तत्पर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि वळणावर बोट ठेवलं.

"हेच का वळण?"

"हेच, साहेब. इथं काही काम नाही, एवढंच लिहून द्या."

"अहो, हे वळण सरळ करायचा प्रस्ताव बारा वर्षं धूळ खातोय. पाच अडथळे आहेत म्हणून कोणी हात लावत नव्हतं." साहेबांचे डोळे चमकायला लागले. "आणि तुम्ही म्हणता, चार अडथळे लोकांनी स्वतः काढले? आपणहून? हसतखेळत?"

"हसतखेळत नाही, साहेब..."

"बारा वर्षांत खात्याला जमलं नाही ते तुम्ही रिटायर झाल्यावर केलंत!" साहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "राहिला एकच अडथळा. सायकल दुरुस्ती. त्याचा दांड्यासकट फोटो झाला की फाइल पुढे. तुमची जागा खात्याने भरलीच नाही. तेवढं एक शेवटचं करून टाका."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर शिपायाला पाठवतो मोबाइल घेऊन."

गेले होते थांबवायला आणि मेलेली फाइल स्वतःच्या हाताने जिवंत करून आले. बाहेरच्या बाकावर ते बराच वेळ डोकं धरून बसले. बसल्या बसल्या त्यांना नियमाचं पुस्तक आठवलं. कलम सातवं: फोटो अस्पष्ट असल्यास अथवा दांडा सरळ नसल्यास फाइल परत पाठवावी. परत गेलेली फाइल पुन्हा यायला पाच-सात वर्षं सहज जातात, हे त्यांनी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांचा स्वतःचा एकही फोटो कधी परत आला नव्हता. तीस वर्षांत त्यांना अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट होती. शिपायाचा फोटो चुकून चांगला येऊ शकला असता, म्हणून त्यांनी आत जाऊन रजिस्टरवर सही केली आणि आपला जुना दांडा ताब्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी दांडेवाले दांड्यासकट वळणावर उतरले, तेव्हा खांबापाशी दाढीला बसलेला माणूस फेसासकट पळून गेला. दादा मात्र दुकानाच्या दारात चाक घेऊन बसले होते. त्यांनी दांडा बघितला आणि या वेळी फळी ओढली नाही. नुसते बघत राहिले.

"काही ना..." जिभेने सुरुवात केलीच होती. दांडेवाल्यांनी ती कचकन चावली. डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, हे दुकान पाडणार आहेत," ते म्हणाले. "मी फोटो काढायला आलोय. पण इतका वाईट काढणार आहे, की साहेब फाइल फेकून देतील."

दांडेवाल्यांनी दांडा भिंतीला टेकवला. हाताने सवयीने सरळच टेकवला. त्यांनी तो मुद्दाम डावीकडे कलता केला, चार पावलं मागे आले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"वाकडा धरलायस," दादा म्हणाले.

चौदा वर्षांनंतरचे ते पहिले शब्द. दांडेवाल्यांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. "वाकडाच पाहिजे, दादा."

"मग नीट वाकडा धर. असा अर्धवट काय? आहे धड सरळ ना धड वाकडा." दादांना वाईट काम जन्मात बघवत नसे. ते उठले, दांडा पार आडवा होईल इतका कलता केला आणि आपल्या पायाने अडवून धरला. "अस्पष्ट कसा करतोस?"

"कॅमेरा हलवतो जरा."

"जरानं काय होतंय? थांब." दादांनी चाक आसाला धरून जोरात फिरवलं आणि फोटोच्या मधोमध धरलं. "आता काढ. आणि समोर बोट पण धर. आडवं. हां, असं."

दांडेवाल्यांनी आयुष्यातला सर्वांत वाईट फोटो काढला. पाटीच्या जागी गरगरणारं चाक, दुकानाच्या जागी धूर, खाली एक आडवा दांडा, एक बूट आणि वरच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं जाडजूड बोट. दादांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत तो निरखून पाहिला.

"बरा आलाय," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. चेहरा पूर्वीसारखा बंद झाला. "झालं ना तुझं? जा आता."

तरीही दांडेवाले बसमध्ये बसून घरी येईस्तोवर एकटेच हसत होते. दुसऱ्या दिवशी ते फोटो पाकिटात घालून साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी पाकीट घेतलं, फाइलला टाचलं, छापील कागदावर 'फोटो जोडला आहे' या ओळीपुढे खूण केली आणि सही केली.

"साहेब, फोटो बघितला नाहीत."

"काय बघायचंय? तुमचा फोटो आहे."

"नाही, पण फार वाईट आलाय."

"तुम्ही मोठी माणसं, असंच बोलणार."

"विनय नाही हो, साहेब! दांडा आडवा आहे. दुकान दिसतच नाही. बोट आलंय, बोट! हे बघा, हे बोट!" दांडेवाल्यांनी ते साहेबांच्या नाकापुढे धरलं. "कलम सातप्रमाणे फाइल परत पाठवा."

"दांडेवाले," साहेब प्रेमाने म्हणाले, "फोटो जोडला आहे की नाही एवढंच वर विचारतात. आजवर कोणी पाकीट उघडलंय का?"

दांडेवाले तिथून उठले ते थेट रेकॉर्डच्या खोलीत गेले. रेकॉर्ड सांभाळणारा म्हातारा त्यांच्याच वेळचा. त्याने दिवा लावला. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर फाइली. दांडेवाल्यांनी एक काढली, दुसरी काढली, विसावी काढली. प्रत्येकीत पाकीट होतं आणि प्रत्येक पाकीट फोटो धुणाऱ्याने ज्या डिंकाने चिकटवलं होतं त्याच डिंकाने बंद होतं. एक हजार चारशे बारा वेळा त्यांनी ऊन बघितलं, सावली बघितली, दांडा केसभरही हलू दिला नाही. ते सगळं काळजीपूर्वक बंद करून ठेवलेलं होतं. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं, पण म्हाताऱ्यासमोर बरं दिसलं नसतं.

"चौदा वर्षांपूर्वीचा चौक," ते म्हणाले. "सायकलचं दुकान. पाकीट मिळेल?"

"घेऊन जा," म्हातारा म्हणाला. "इथं कोण विचारतंय?"

त्यांनी ते उघडलं नाही. तसंच घेऊन वळणावर गेले आणि दादांपुढे उभे राहिले.

"बोटाचा उपयोग झाला नाही, दादा. कोणी बघितलंच नाही. महिन्याभरात यंत्र येईल." त्यांनी पाकीट पुढे केलं. "आणि हे तुझं आधीचं दुकान. एकच फोटो आहे. मीही बघितलेला नाही."

दादांनी तेलकट हात पुसले आणि पाकीट फाडलं. फोटो उत्कृष्ट होता. पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दारावरच्या खिळ्याला अडकवलेल्या ट्यूब मोजता येत होत्या. दांडा एखाद्या रेघेसारखा सरळ होता. आणि दांड्याच्या शेजारी, चौदा वर्षांनी तरुण असलेले दादा दुकानातून बाहेर येत होते. दोन्ही हातांत दोन कप, आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यामागे जो कोणी होता त्याच्याकडे बघून हसत. दांडेवाल्यांना हे आठवतच नव्हतं. त्या दिवशी ते फक्त दांड्याकडे बघत होते.

"दोन कप आहेत," दादा म्हणाले.

"हो."

"साखर कमी आहे म्हणालास. मी परत आत जाऊन घालून आणली."

"हो."

"साखर कमी आहे, एवढं म्हणालास. दुकान पाडणार आहेत, एवढं नाही म्हणालास."

"नाही म्हणालो," दांडेवाले म्हणाले आणि आता मात्र त्यांना रडू आवरेना. साठीला टेकलेला माणूस भर रस्त्यात हमसून हमसून रडला. "चुकलो, दादा. नोकरीला भ्यायलो. आजवर रोज वाटतं, तेवढं बोललो असतो तर."

दादा फोटोकडे बघत बसले. मग त्यांनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, बटण लावलं आणि वर छताकडे नजर टाकली.

"या वेळेला बोललास ना," ते म्हणाले. "चल. तो मोठा पाना दे. पत्रा शाबूत निघाला पाहिजे."

दोघांनी दोन दिवसांत दुकान उतरवलं. दादा प्रत्येक बोल्टागणिक धाकट्यावर ओरडले. पाना असा धरतात का, पत्रा असा उचलतात का, सरकारने तुला पगार कशाचा दिला. चौदा वर्षांचं सगळं साठलेलं होतं. दांडेवाले हूं हूं करत होते आणि बायकोला फोनवर सांगत होते, की दादा आज सकाळपासून शिव्या घालताहेत, काळजीचं कारण नाही.

यंत्र महिन्याभरात आलं नाही. दोन महिन्यांतही नाही. दांडेवाले चौकशीला गेले तेव्हा नवे साहेब पडल्या तोंडाने बसलेले दिसले. वरच्या ऑफिसातला कोणीतरी जागेवर येऊन गेला होता आणि त्याने शेरा मारला होता: जागेवर पाडण्यासारखे काहीही आढळले नाही, सबब पाडकामास मंजुरी देता येत नाही. आणि पाडकामाला मंजुरी नाही तोवर पुढचं काम सुरू करता येत नाही, असा नियम आहे. फाइल परत कपाटात गेली होती. वळण होतं तसंच राहिलं. फक्त वळणावर काही उरलं नव्हतं.

मग हळूहळू लोकांनी सगळं परत उभं केलं. पूर्वीसारखं झालं नाही. सलूनचा पत्रा उलटा बसला, मावशींच्या दुकानाला दार छोटं झालं, किल्लीवाल्याने कोंबड्यांना न उठवता त्यांच्या शेजारीच बस्तान मांडलं. शेड झालीच नाही, कारण तिला मालक नव्हता. दांडेवाले दर रविवारी जात आणि दादांच्या हाताखाली हवा भरत. कॅमेरा घरी ठेवून येण्याच्या अटीवर गावाने त्यांना येऊ दिलं होतं.

दादांच्या नव्या दुकानात समोरच्या भिंतीवर एक चौकट होती. एकदा चाक घेऊन आलेल्या परगावच्या माणसाने ती बराच वेळ न्याहाळली. धूर, चाक, आडवा दांडा, बूट आणि कोपऱ्यात बोट.

"हा कसला फोटो लावलाय हो? कुणी काढला असला भिकार?"

कोपऱ्यात पंप मारणारे दांडेवाले खाली बघायला लागले. दादांनी मान वर न करता पाना फिरवला.

"आमच्या धाकट्यानं," ते म्हणाले. "तीस वर्षं सरकारात हेच काम करायचा."